दोघींची भाकरी

नळदुर्गच्या खालच्या अंगाला, बोरी नदी ओलांडली की सांगवडी लागतं. तिथल्या वरच्या आळीत दोन घरं एकाच भिंतीला पाठ लावून उभी होती. एकात शिवगंगा आणि तिची सासू शांताक्का राहायच्या, दुसऱ्यात गफूर पिंजारी आणि त्याची बायको हुसेनबी. शिवगंगेचा नवरा सिद्धेश्वर पटकीच्या साथीत गेला तेव्हा ती जेमतेम विशीची होती. माहेरचे न्यायला आले, पण ती गेली नाही. सासूला दुसरं कुणी नव्हतं. थोडी काळी जमीन होती, ती वाट्यानं लावून दोघी खायच्या.

शांताक्का जुन्या वळणाची लिंगायत बाई. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याबिगर पाणी प्यायची नाही. पिंजाऱ्याच्या घरचं काही तिच्या उंबऱ्याच्या आत चालत नसे. विस्तव नाही, ताक नाही, भाकरी तर नाहीच नाही. पण भिंतीच्या वर, आढ्याखाली, माती निसटून एक लांब फट पडली होती. तिच्यातून आवाज मात्र मोकळा यायचा-जायचा. पहाटे शिवगंगा काठवटीपुढं बसली की पलीकडं हुसेनबीही बसायची. इकडं थाप पडली की तिकडं पडायची, आणि मग थापाथापीतच बोलणं सुरू व्हायचं.

“क्या गे गंगा, आज हात जड पडतोय तुझा.”

“पीठच जाडं आलंय, बी. जात्याला टाकी लावाया झालीया. तुजं आवरलं का?”

“कुठलं गे. हमारे उनो उद्या गावांना जाते. भाकरीचा ढीग करना है.”

गफूर खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव फिरायचा, गाद्या-दुलयांचा कापूस पिंजायचा. गेला की कैक दिवस परतायचा नाही. त्याच्यासाठी हुसेनबी भाकरी थापायची ती उजेडाकडं धरली तर पलीकडची बोटं दिसावीत इतकी पातळ. तव्यावरून उतरली की चुलीच्या कडेला आरापाशी उभी करून ठेवायची, अंगातला सगळा ओलावा जाईपर्यंत. अशी भाकरी वाळून कडकडीत होते, पोत्यात घालून फिरवली तरी बिघडत नाही. जत्रेला जाताना कडक भाकरी लिंगायतांच्या घरीही करत, पण ती जाड असायची, दात हलवणारी. हुसेनबीची तोंडात टाकली की मोडायची. शिवगंगेनं तिची रीत परसातून बघून बघून उचलली. सासूला सांगितलं नाही.

हे सगळं मला माझ्या आईकडून कळलं. ती पुढं कैक वर्षं गंगाक्काच्या हाताखाली भाकरी करायला जात होती. शिवगंगेला सगळं गाव गंगाक्का म्हणायचं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या टोळ्या आमच्या भागातल्या गावांवर यायला लागल्या. कुठं गंज पेटवली, कुठं माणूस झाडाला बांधून मारला, अशा बातम्या रोज यायच्या. निजामाचं राज्य संपून सोलापूरचा मुलूख सुरू होतो ती हद्द आमच्यापासून लांब नव्हती. गडीमाणसं एकेक करून पलीकडं गेली. काही तिकडूनच हत्यारं घेऊन परत येत, रानात राहत. गावात उरल्या त्या बाया आणि म्हातारी माणसं.

एका दुपारी टोळी सांगवडीत शिरली. खालच्या आळीतून धूर निघायला लागला. शिवगंगा दाराला अडसर लावत होती, तेवढ्यात परसाच्या बाजूनं हुसेनबी आत आली. इतक्या वर्षांत त्या घरात तिचं पाऊल पहिल्यांदा पडलं. तिनं दोघींचे हात धरले आणि ओढायला लागली. शांताक्का जागची हलेना.

“म्या त्या घरात येत न्हाय,” ती म्हणाली.

“अम्मा, मरून काय पाक राहतंय? चलो.”

गफूरच्या घरात पिंजलेल्या कापसाचा मोठा ढीग होता. हुसेनबीनं दोघींना भिंतीशी निजवलं आणि वरून कापूस लोटला. गफूर ढिगापुढं मांडी घालून बसला आणि पिंजायला लागला. दारात माणसं आली, काहीतरी विचारलं. गफूर पिंजत राहिला. धनुकलीची तुंग तुंग थांबली नाही. “माझं घर आहे, बायको आहे, कापूस आहे,” एवढंच तो म्हणाला. माणसं शेजारच्या घरात गेली. कापसाखाली पडल्या पडल्या शिवगंगेला स्वतःच्या घरातली मडकी फुटताना ऐकू येत होती. नाकात, घशात तंतू जात होते आणि खोकता येत नव्हतं. शेजारी शांताक्का मुठीत लिंग धरून पडली होती.

दिवस मावळायच्या सुमारास दोघी निघाल्या. हुसेनबीनं फडक्यात भाकरीची चळत बांधून शिवगंगेच्या काखेत दिली.

“वाटेत चूल पेटवू नको. धूर दिसतो.”

“तुमी बी चला, बी.”

हुसेनबी हसली. “हमना कोन काय करणार? राज हमारा बोलते ना.”

दुसऱ्या दिवशी त्या हद्दीजवळच्या एका ओढ्यात बसल्या होत्या. शांताक्कानं आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. शिवगंगेनं गाठोडं सोडलं नाही, विचारलंही नाही. बऱ्याच वेळानं म्हातारीनं हात पुढं केला.

“दे त्यातली एक.”

तिनं भाकरी ओढ्याच्या पाण्यात बुडवून सावकाश खाल्ली. “लई पातळ थापतीया,” म्हणाली, आणि उठून चालायला लागली.

हद्दीपलीकडं माळावर छावणी पडली होती. तिथं पावसाळा लागला आणि अन्न टिकेना. सकाळची भाकरी दुसऱ्या दिवशी बुरसायची. हद्द ओलांडून रानात राहणाऱ्या पोरांना शिधा पोचवणं अवघड, आणि त्यांनी तिकडं चूल पेटवायची म्हणजे जिवाशी गाठ. शिवगंगेनं आपणहून चूल मांडली आणि हुसेनबीच्या रीतीनं भाकऱ्या वाळवायला सुरुवात केली. बघता बघता तिच्या भोवती बायकांचं कोंडाळं जमलं. हात कसा हलका ठेवायचा, आरापासून किती लांब उभी करायची, किती वेळा फिरवायची, हे तिनं सगळ्यांना दाखवलं. पोरं गठ्ठे पाठीशी बांधून न्यायची. छावणीत लोक त्यांना गंगाक्काच्या भाकऱ्या म्हणायला लागले. ती दर वेळी सांगायची की रीत माझी नाही, शेजारणीची आहे. ऐकायला कुणाला सवड नव्हती.

सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. छावणीत गूळ वाटला गेला. शांताक्काला ताप होता म्हणून दोघींना निघायला उशीर झाला. गावात पोचल्या तेव्हा पाऊस उघडला होता.

आळीत शिरताना शिवगंगेला आधी कापूस दिसला. बाभळींच्या काट्यांना, कुडाच्या काटक्यांना, चिखलात, सगळीकडं कापसाचे झुबके अडकले होते, पावसानं काळे पडलेले. गफूरच्या घराचं दार निखळून पडलं होतं. आत धनुकली दोन तुकडे होऊन पडली होती. काठवट उपडी होती. माणूस नव्हतं.

तिनं आळीत विचारलं. धोंडीबा म्हणून शेजारी होता, त्याच्या दारी गेली.

“गेली असतील कुठंतरी. हैद्राबादकडं लई लोक गेली,” धोंडीबा म्हणाला. तो दावं वळत होता. त्यानं मान वर केली नाही.

त्याची बायको मथुराबाई दारात उभी होती, ती आत गेली.

जो तो हेच सांगायचा. गेली असतील. पुढं हळूहळू बायकांच्या बोलण्यातून एवढं बाहेर आलं की निजामाचं राज्य गेलं त्या दिवसांत बाहेरून माणसं आली होती, पण गावचीही होती. रझाकारांनी केलेल्याचा सूड म्हणून जो हाताला लागला त्याला मारलं. ज्यानं गावात कधी कुणाला शिवी दिली नव्हती तो गफूर ओढ्यात सापडला. हुसेनबीचं काय झालं ते कुणी बोलेना. आळीच्या मागं सगळ्यांचा आड होता. त्याच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या आणि दगड टाकले होते. पाणी बिघडलंय, लोक सांगायचे, आणि बायका लांब नदीवर जायच्या.

पहिल्याच पहाटे शिवगंगेनं फुटक्या घरात चूल पेटवली आणि भाकरी थापायला घेतली. भिंतीपलीकडं थाप पडली.

ती थांबली. पलीकडची एक थाप आणखी पडली, मग तीही थांबली. चुलीत लाकूड तडकत होतं. तिनं पुन्हा हात चालवला, आणि पलीकडचा हात चालायला लागला. तोच हलका, भरभर पडणारा हात. तिनं उठून परसातून जाऊन बघितलं. काठवट तशीच उपडी होती, तिच्यावर धूळ.

ती परत आली तेव्हा शांताक्का अंथरुणात उठून बसली होती.

“ऐकलंस?” म्हातारीनं विचारलं.

“व्हय, अत्ती.” सासूला आमच्या भागात कानडी वळणानं अत्ती म्हणतात.

“बोलली का काय?”

“न्हाय. निस्ती थापतीया.”

त्यानंतर ते रोजचंच झालं. कधी शिवगंगा उठायच्या आधीच थापा सुरू व्हायच्या, जणू कुणाला लांबच्या प्रवासाची शिदोरी करायची होती. आळीतल्या इतरांनीही ऐकलं असणार, कारण त्या घरापुढून जाणं लोकांनी सोडलं. शिवगंगा भीत नव्हती असं नाही. पण भाकरी तर करायलाच हवी होती.

गावाची अवस्था वाईट होती. पेरण्या राहिल्या होत्या, गुरं गेली होती. माझ्या आईसारख्या कितीतरी बायांच्या घरी कर्ता माणूस उरला नव्हता. शिवगंगेच्या पेवातली ज्वारी मात्र टोळीच्या हाती लागली नव्हती. तिच्या मनात छावणीपासून एक गोष्ट घोळत होती. ती चावडीवर जाऊन तिनं बोलून दाखवली. आपण टिकणारी भाकरी करून विकायची.

आज ही गोष्ट कुणाला धाडसाची वाटणार नाही. त्या काळी चावडीवरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. भाकरी ही विकायची वस्तूच नव्हती. वाटसरू आला तर त्याला वाढायची, उरली तर कुत्र्याला घालायची, पण तिचे पैसे घेणं म्हणजे पाप.

अण्णाराव गावातले जाणते. ते म्हणाले, “गंगे, दाणा विकत्यात, दूध विकत्यात. भाकर विकलेली म्या ऐकली न्हाय. भुकेल्याला पैसं मागनार तू?”

“भुकेल्याला मागनार न्हाय. घरी चूल हाय पन वाटंवर न्हाय, त्याला मागीन.”

“घरातली बरकत जाईल.”

“ऱ्हायलीया कुठं, अण्णा?”

ती पहिल्यांदा तुळजापूरला गेली. भवानीच्या देवळाच्या उतारावर कल्याणप्पा म्हणून व्यापारी नारळ-कुंकवाचं दुकान चालवायचा. तिच्या सासरच्या ओळखीतला. त्यानं पायरीवर बसू दिलं, पण हसत हसत. बाजार पार फसला. सोलापूरकडून मोटारीनं येणाऱ्या यात्रेकरूंच्या फडक्यात घरची शिदोरी असायचीच. एका म्हातारीनं तर थांबून विचारलं, “बाई, देवीच्या दारात भाकर विकतीस?” आणि भिकारणीला टाकावेत तसे तिच्यापुढं दोन दाणे टाकून गेली. शिवगंगा गठ्ठा तसाच घेऊन परतली.

येताना नळदुर्गच्या नाक्यावर ती पाणी प्यायला थांबली. सोलापूर-हैद्राबाद रस्त्यावर मालाच्या लॉऱ्या तेव्हा पुन्हा धावायला लागल्या होत्या. गुरुलिंग नावाचा एक चालक बॉनेट उघडून बसला होता. गाडी बंद पडलेली, आणि आजूबाजूला खायला काही नाही. तिनं त्याला भाकरी दिली. पैसे घेतले नाहीत, कारण तो भुकेला होता. गुरुलिंगनं चटणीबरोबर दोन खाल्ल्या, तिसरी मोडून बघितली.

“ही किती दिवस ऱ्हाती, अक्का?”

“मोडस्तवर.”

“मग दे गठ्ठा. हैद्राबादला जाऊन यीस्तवर पुरंल. ह्याचं पैसं घ्यायचं बरं का.”

परतीच्या खेपेला तो वाट वाकडी करून सांगवडीला आला. बरोबर आणखी दोन चालक होते. चालकांच्या जिभेवरून ती भाकरी जितकी लांब गेली तितकी ती देवीच्या दारातूनही गेली नसती. हैद्राबादच्या सरायांतून विचारणा यायला लागली, मग सोलापूरच्या गिरण्यांतून, मग पुण्याकडून. शिवगंगेच्या घरात बाया मावेनात.

तिनं पलीकडचं घर उघडलं. दार बसवलं, छप्पर शाकारलं, चुली मांडल्या. बाया आधी यायला तयार नव्हत्या. ती म्हणाली, “ती कुनाला काय करनार? जित्तेपनी केलं न्हाय तिनं.” माझी आई सगळ्यांत आधी गेली. भिंतीजवळची एक जागा शिवगंगेनं मोकळी ठेवली होती, तिथं हुसेनबीची काठवट धुऊन मांडली होती. तिथं कुणी बसायचं नाही, एवढाच नियम. सगळ्या बाया थापायला लागल्या की घर नुसतं घुमायचं, आणि त्यात एखादा हात जास्तीचा आहे की नाही हे कळायचं नाही. आई म्हणायची, कळायचं. सगळ्यांचे हात थकून एकदम थांबले की एक थाप मागं राहायची. कधी मोडलेल्या भाकरीत कापसाचा तंतू निघायचा. गावात तेव्हा कापूस उरलाच नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात नदी आटली. पाण्याचे हाल व्हायला लागले. शिवगंगा एका सकाळी आडापाशी गेली आणि फांद्या ओढून काढायला लागली.

धोंडीबा धावत आला. “गंगाक्का, पानी बिघडलंय म्हनलं ना.”

“मंग उपसू.”

“कशाला उकरतीस? झालं ते झालं.”

“तुमाला ऐकू येत न्हाय का, धोंडीबा?”

बाया आल्या. दगड हलवायला त्यांच्या अंगात जोर नव्हता, पण त्यांनी हलवला. खाली थोडंच पाणी उरलं होतं. माणूस उतरवायचा तर गडी कुणी पुढं येईना. शेवटी अण्णाराव आले, धोतर खोचलं, आणि त्या वयात दोराला धरून स्वतः उतरले. वर आले तेव्हा त्यांच्या उपरण्यात जे होतं ते त्यांनी फार हळू जमिनीवर ठेवलं. हाताच्या हाडात काचेच्या हिरव्या बांगड्या तशाच होत्या.

नळदुर्गहून एक मौलवी आले. पिंजाऱ्याच्या परसात लिंबाखाली हुसेनबीला माती दिली. बायाच होत्या आधी. मग एकेक गडी आला, मूठभर माती टाकून न बोलता निघून गेला. शांताक्का काठी टेकत आली आणि शेवटपर्यंत उभी राहिली. धोंडीबा आला नाही.

लोकांना वाटलं आता आवाज थांबेल. तो थांबला नाही.

त्याच वर्षी कल्याणप्पा सांगवडीला आला. आता तो हसत नव्हता. मोठमोठ्या पेठांतून माल उचलायची त्याची तयारी होती. गठ्ठ्यावर छापील कागद लावायचा म्हणाला, ‘शिवगंगा भाकरी’.

“हुसेनबीचं नाव घाला,” ती म्हणाली.

कल्याणप्पा खुर्चीत मागं टेकला. “दिवस कुठलं हायत, अक्का? हे नाव बघून कोन हात लावंल?”

“मंग नगा लावू.”

“एवढं वाढलेलं बुडवतीस?”

“बुडू दे. हात दोघींचा हाय, कल्याणप्पा. येकीचं नाव घातलं तर उद्या म्या पीठ मळाया कशी बसू?”

दोन दिवस तो गावात राहिला. अण्णारावांनी समजावलं, गुरुलिंगनं समजावलं. तिनं ऐकलं नाही. अखेर कागदावर छापलं गेलं ते ‘दोघींची भाकरी, सांगवडी’. दुसरी कोण, असं लोक विचारायचे. ती प्रत्येकाला नाव सांगायची, आणि ती कशी मेली तेही सांगायची, मग तो गिऱ्हाईक असो की मामलेदार. काही लोक पुन्हा आले नाहीत. पुष्कळ आले. त्या नावानं भाकरी मुंबईपर्यंत पोचली, आणि सांगवडी कुठं आहे हे ठाऊक नसलेली माणसंही ते नाव घ्यायला लागली.

धोंडीबानं बाहेर पडणं सोडलं होतं. कुणी म्हणायचं त्याला दिवसाही थापा ऐकू येतात, कानात बोळे घालून बसतो. एका सकाळी मथुराबाई पलीकडच्या घराच्या दारात येऊन उभी राहिली. आतल्या सगळ्या बायांचे हात थांबले.

“मला काम देता का, अक्का?”

शिवगंगेनं तिला काही विचारलं नाही. मथुराबाई धोंडीबाबद्दल जे सांगणार होती तेही तिनं ऐकून घेतलं नाही. तिनं माफ केलं असं कुणी म्हणू नये. आईच्या म्हणण्याप्रमाणं तिचा चेहरा दगडासारखा झाला होता.

“हात हलका ठेवायचा,” ती म्हणाली, आणि दाराजवळची चूल दाखवली.

मथुराबाई आत आली आणि बसली. तिचा पहिला उंडा काठवटीत पसरला तेव्हा बाहेर गुरुलिंगच्या लॉरीचा भोंगा वाजला, आणि आई गठ्ठे बांधायला उठली.